लाकडी घरांचं इंग्लंड : सूतभर सरकवलेलं भोक

लिटल मोर्टन हॉल या इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचं लांबलचक दालन आज पाहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यावर गेलं, कारण सुतारकामात हयात घालवलेल्या चिपळूणच्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते विचारतात, 'घर १५०४च्या सुमारास बांधायला घेतलं म्हणता. लोखंडी खिळे तर तेव्हाही होते. मग एवढा सांगाडा लाकडी मेखांवर का उभा केला? आणि लाकूड मुरवलेलं होतं का?' असा प्रश्न मागे ठेवून पुढे जाणं मला जमणार नाही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. लाकूड ओलंच होतं, आणि ते मुद्दाम. मुरलेला ओक पटाशीला दाद देत नाही. शिवाय इंचभर जाडीला एक वर्ष, हा लाकूड वाळवण्याचा जुना आडाखा. फूटभर जाडीच्या खांबासाठी कोण थांबणार? म्हणून झाड तोडलं की लवकरच त्याचं काम सुरू व्हायचं. आजच्या अभ्यासकांच्या हे पथ्यावर पडलंय. तुळईतल्या वलयांवरून झाड तोडल्याचं वर्ष कळलं, की घर कधी उभं राहिलं याचाही अंदाज येतो.

ओल्या ओकचं आणि लोखंडाचं मात्र पटत नाही. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. त्यात ठोकलेला खिळा गंजत जातो आणि भोवतीचं लाकूड निळंकाळं पडतं. शिवाय ओलं लाकूड वाळताना आडव्या अंगाने आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. सांधा टिकवायचा तर हे आक्रसणं कामी लावायला हवं, आणि ते काम मेख करते.

मेख करवतीने कापायची नाही, वाळलेल्या ओकमधून फाडून काढायची. फाडलेल्या मेखेत लाकडाचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहतात, त्यामुळे ती ठोकताना सहसा मोडत नाही. ओल्या तुळईत ही सुकी मेख बसवली, की पुढे वाळत जाणारी तुळईच तिला आवळून धरते.

खरी करामत भोकात आहे. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी कूस. आधी खाचेच्या दोन्ही बाजूंतून आरपार भोक पाडायचं, कूस आत घालून तिच्यावर त्या भोकाची खूण करायची आणि कूस बाहेर काढायची. आता कुशीवरचं भोक खुणेवर पाडायचं नाही. ते तिच्या खांद्याकडे सूतभर सरकवून पाडायचं. सांधा पुन्हा जुळवून निमुळती मेख ठोकली, की ती किंचित वाकत आत जाते आणि कुशीला खाचेत खेचून घेते. शिकंजा लावल्यासारखा सांधा घट्ट बसतो, आणि शिकंजा कायमचा आतच राहतो.

हे सगळं घराच्या जागेवर होत नसे. भिंतीचा अख्खा सांगाडा सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवा मांडायचा, एकेक सांधा जुळवायचा, मग सुटा करून गाड्यांवर लादायचा. झाडं काही एकसारखी नसतात, म्हणून प्रत्येक कूस तिच्या स्वतःच्या खाचेतच नीट बसते. अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर एकच आकडा कोरायचा. आकडे रोमन, कारण पटाशीने सरळ रेघा झटपट उमटतात. चारसाठी बहुधा सरळ चार उभ्या रेघा. जुन्या इंग्लिश घरांच्या तुळयांवर हे आकडे आजही वाचता येतात. ते दिसले की मी तिथून लवकर हलत नाही.

असं काम करणाऱ्यांची नावं क्वचितच उरतात. लिटल मोर्टन हॉलने एक जपलंय. चौकातल्या खिडक्यांवर १५५९ साल कोरलेलं आहे, त्या करवून घेणाऱ्या विल्यम मोर्टनचं नाव आहे, आणि देवाच्या कृपेने त्या घडवणाऱ्या रिचर्ड डेल या सुताराचंही. पैसे देणाऱ्याइतकाच हात चालवणाऱ्याचा मान त्या लाकडावर नोंदला गेलाय, म्हणून मला त्या खिडक्या घराच्या साऱ्या नक्षीहून मोठ्या वाटतात.

या घराचे फोटो हाताशी असतील तर सांध्यांजवळ निरखून पाहा. मेखांची गोल टोकं दिसतील. पुढच्या आठवड्यात त्या दालनात नक्की जाऊ. त्याच्या छपरावर दगडी लाद्यांचं ओझं आहे, आणि त्या भाराने खालचे मजले कसे फुगले-वाकले ते पाहताना आजच्या या मेखा लक्षात असू द्या.