'मेण' या शब्दाविषयी

वाचनपाठात 'मेणा' हा शब्द आला की एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, "गुरुजी, मेणा मेणाचा करीत काय?" एका शाळेत हा प्रश्न मी ऐकला. "त्यावर मेणकापड घालीत, म्हणून मेणा," असे उत्तर गुरुजींनी दिले. वर्गाचे समाधान झाले. परंतु उत्तर चुकीचे होते. प्रस्तुत लेखकाने शिक्षक असताना हेच उत्तर कित्येक वर्षे दिले होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

मेणा म्हणजे एक प्रकारची पालखी. हा शब्द फारसी 'मियाना'वरून आला. मेणाचे मूळ मात्र संस्कृत 'मदन' हे होय. मदन म्हणजे कामदेव, हा अर्थ सर्वपरिचित आहे. मधमाश्यांचे मेण, हा त्याचा दुसरा अर्थ मागे पडला. प्राकृतात 'मदन'चे 'मयण' झाले आणि मराठीत 'मेण'. दोन्ही शब्दांतील भेद मुलांना व्याकरणानेही दाखविता येईल: नपुंसकलिंगी मेणाचे 'मेणाचा', पुल्लिंगी मेण्याचे 'मेण्याचा'.

अमरकोशात मेणाला 'मधूच्छिष्ट' व 'सिक्थक' अशी नावे आहेत. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे. मध काढून घेतल्यावर उरलेले. दुसरे नाव अधिक मौजेचे आहे. 'सिक्थ' या शब्दाचा शिजलेल्या भाताचा कण असाही अर्थ होतो, आणि आपले 'शीत' त्यातूनच निघाले. स्वयंपाकघरातील शीत व पोळ्यातील मेण असे एका शब्दात भेटतात!

मधमाशी मेण फुलांवरून आणते, अशी पुष्कळांची समजूत असते. ते तिच्या अंगातच तयार होते. कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून त्याचे बारीक पापुद्रे निघतात व ते चावून ती पोळे बांधते. सुमारे 63 अंश सेल्सिअसला मेण वितळते. या गुणाचा उपयोग मूर्तिकारांनी फार पूर्वी ओळखला. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात ही रीत वर्णिली आहे: मेणाची मूर्ती करावी, तीवर मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढून टाकावे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावा.

इंग्रजीवरून भाषांतर करताना थोडी सावधगिरी हवी. लखोट्यावर मोहोर करण्याची लाख आणि कानातील मळ, या दोहोंनाही त्या भाषेत 'वॅक्स' म्हणतात. मराठीत त्यांना मेण म्हणू नये. उलट, आजच्या बहुतेक मेणबत्त्या खनिज तेलापासून काढलेल्या पॅराफिनच्या असतात. मधमाशीचा त्यांच्याशी संबंध नाही, तरी त्यांना मेणबत्ती म्हणण्यास कोणाचीच हरकत नसते.