गोधडीसाठी घरगुती चौकट



थंडी सुरू होण्याआधी तुमच्यापैकी अनेक जण आमच्याकडे जुन्या साड्या पाठवता. सातपुड्यातील पाड्यांवर कुडाच्या भिंतींतून वारा आत येतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री या साड्यांच्या गोधड्यांचाच मोठा आधार असतो. साडीची गोधडी होताना एका साध्या चौकटीने काय फरक पडतो, ते आज सांगते. तुमच्या महिला मंडळालाही ती सहज करता येईल.

गोधडीत खरे कष्ट असतात ते थर नीट लावून कच्चे टाके घालण्यात. रीतीप्रमाणे बायका थर जमिनीवर अंथरतात आणि वाकून, गुडघ्यांवर सरकत टाके घालतात. तरुण मुलींना हे जमते. पण गोधडीची खरी जाण असलेल्या आजींना ते झेपत नाही. "ताई, हात चालतो, पण गुडघा बसू देत नाही," असे एक आजी मला म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत तर मुलींना शिकवणार कोण? दुसरी अडचण अशी, की जमिनीवर खालचा थर दिसत नाही. त्याला पडलेली चुणी गोधडी उलटल्यावरच कळते. धुताना तीच जागा जास्त घासली जाते आणि गोधडी तिथे लवकर विरते.

चौकट कशी करावी

सहावारी साडी साधारण 18 फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. एका माणसाच्या गोधडीला हेच माप पुरते. त्यासाठी साडेसात फुटांच्या दोन आणि सव्वापाच फुटांच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. पट्टी दोन इंच रुंद, एक इंच जाड आणि सरळ असावी. लाकूड नसेल तर जून, वाळलेला बांबू चालतो.

लांब पट्ट्यांच्या कडेला जाड सुती कापडाची पट्टी लहान खिळ्यांनी ठोका. बांबू असेल तर ती त्याच्याभोवती गुंडाळून टाचा. लांब पट्ट्या खाली आणि आखूड पट्ट्या वर ठेवून चारही कोपरे सुताराकडच्या तीन इंची सी-क्लॅम्पने आवळा. बांबूचे कोपरे सुतळीने घट्ट बांधा. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरून मोजा. दोन्ही तिरपी मापे सारखी आली म्हणजे चौकट काटकोनात आहे. ती सारख्या उंचीच्या चार खुर्च्यांच्या पाठींवर ठेवा आणि खुर्च्यांना बांधा.

कापड ताणणे

आधी खालचा तुकडा, उलटी बाजू वर करून लावा. त्याच्या लांब कडा चार-चार बोटांवर सेफ्टी पिनांनी कापडी पट्टीला टाचा. मग क्लॅम्प सैल करून लांब पट्ट्या एकमेकींपासून हळूहळू दूर सरकवा आणि पुन्हा आवळा. आखूड कडांना नाड्या टाचून त्या आखूड पट्ट्यांना बांधा. कापड सपाट दिसावे, पण बोटाने दाबल्यावर किंचित खाली जावे. फार ताणले तर चौकटीतून काढल्यावर ते आकसते आणि वरच्या थराला चुण्या पडतात.

त्यावर जुन्या साड्यांचे मधले थर हाताने सारखे करत पसरा. तुकडे जोडायचे असतील तर कडेला कड भिडवा. एकावर एक आल्या तर तिथे उंचवटा होतो आणि सुई अडते. शेवटी वरचा चांगला तुकडा, सुलटी बाजू वर करून टाचा.

कच्चे टाके

वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर उसवताना दिसेल. पहिली ओळ मधोमध घाला आणि तिथून कडांकडे या. उरलासुरला सैलपणा कडेला निघून जातो. टाका दोन इंचांचा आणि दोन ओळींत एक वीत अंतर पुरे. दोन्ही बाजूंना दोघी-दोघी बसल्या तर मध्यापर्यंत हात सहज पोहोचतो. एक हात चौकटीखाली असला की खालची चुणी लगेच बोटांना कळते.

ओळी पूर्ण झाल्या की पिना काढा. आता थर हलत नाहीत. गोधडी घरी नेऊन मांडीवर घेऊन सवडीने पक्का धावदोरा घालता येतो. चौकट लगेच दुसरीसाठी मोकळी होते, म्हणून एक चौकट साऱ्या पाड्याला पुरते. काम संपल्यावर चार काठ्या कोपऱ्यात उभ्या राहतात. लहान घरात हेही महत्त्वाचे आहे. त्या आजी आता खुर्चीवर बसून टाके घालतात आणि त्यांच्या शेजारी दोन मुली शिकतात.

अमेरिकेतील मेनोनाइट मंडळ्यांच्या स्त्रियाही अशाच चौकटीभोवती बसून गरजूंसाठी पांघरुणे करत आल्या आहेत. आपल्या मंडळ्यांतही हे होऊ शकेल.

साड्या पाठवताना एवढे पाहा: साडी सुती आणि मऊ असावी. नायलॉनची साडी सुईखाली सरकते आणि घाम शोषत नाही. फॉल काढा, खळ धुऊन टाका आणि साडी पूर्ण वाळवून बांधा. विरलेली साडीही टाकून देऊ नका, ती मधल्या थराला उपयोगी पडते. साड्यांबरोबर एखाद्या मंडळाने चार क्लॅम्प पाठवले, तर आणखी एका पाड्यावर चौकट उभी राहील.