न आलेल्यांची यादी

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरवाल्यांचा दिवस आहे. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग दंडाला पट्टा बांधायचा. यातलं गप्प बसणंच अवघड. ऊसतोड कधी येणार, एस.टी. का चुकली, सगळं नेमकं तेव्हाच आठवतं. सिस्टर दटावतात, "मामा, बोललात की आकडा चढतो."

यामागे 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा उपक्रम आहे. तो 2017 साली निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा सुरुवातीपासून त्यात होते. पद्धत साधी. औषधं मोजकी आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या: आधी अम्लोडिपिन, त्याने भागलं नाही तर पुढची गोळी. डॉक्टरांची बदली झाली तरी रुग्णाची गोळी बदलत नाही. औषधं थोडीच असल्यामुळे किती लागतील याचा हिशोब आधी मांडता येतो आणि महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात देता येतात.

गोळी मिळते, पण पोटात जाते का? "बरं वाटतंय की आता, कशाला खायची?" हे दर दुसऱ्या माणसाचं म्हणणं. बीपी दुखत नाही, तिथेच घोळ आहे. एका आजींनी पाय सुजले म्हणून गोळी बंद केली होती. अम्लोडिपिनने काहींना सूज येते. तेव्हा औषध बदलून मिळतं, पण सांगायला तर हवं! आता सिस्टर आपणहून घोट्यावर बोट दाबून बघतात. दुसऱ्या एकाच्या पिशवीत दोन रंगांची पाकिटं निघाली, आत औषध एकच. नवी कंपनी आली, पाकीट बदललं. हे गृहस्थ दोन्ही घेत होते. पिशवी टेबलावर उपडी करायला लावणं हीसुद्धा तपासणीच म्हणायची.

पण मला मोलाची वाटली ती न आलेल्यांची यादी. बीपी 140/90 च्या खाली किती जणांचं आलं, हे इथे आलेल्यांत मोजत नाहीत. नाव नोंदवलेल्या सगळ्यांत मोजतात. जो फिरकलाच नाही, तोही आटोक्यात नसलेला धरला जातो. एरवी नेमाने येणाऱ्यांच्या जोरावर कुठल्याही दवाखान्याचा आकडा छान दिसला असता.

म्हणून दुपारी, गर्दी ओसरल्यावर, फोन सुरू होतात. एकाने खासगी डॉक्टरांचं औषध सुरू केलंय. तशी नोंद होते. एकाचा फोन बंद. त्याचं नाव आशाताईंकडे जातं, घर त्यांच्याच आळीत आहे. तिसरा फोन सून उचलते. सासरे मुंबईला, थोरल्या दिरांकडे.

"गोळ्या नेल्यात का?"

"न्हाय, हितंच फळीवर हायेत."

"मग दिरांचा नंबर सांगा," सिस्टर पेन उघडत म्हणतात.