आमची मुले गोष्टीत कुठे आहेत?

नववीतल्या एका मुलीची निबंधाची वही आमच्या हातात होती. विषय होता ‘माझा आवडता सण’. तिने दिवाळीवर दोन पाने लिहिली होती. पहाटेचे अभ्यंगस्नान, उटण्याचा वास, अंगणातला मातीचा किल्ला, आईने तळलेल्या करंज्या. अक्षर सुरेख, शुद्धलेखनाची चूक शोधूनही सापडणार नाही. १० पैकी ८ गुण मिळाले होते.

मुलगी रोह्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यातली. तिच्या घरी उटणे कधी आलेले नाही. दिवाळीचा फराळ येतो तो शेजारच्या काकूंकडून, झाकलेल्या ताटातून. आम्ही विचारले, “बेटा, ईदवर का नाही लिहिलंस?” ती जरा गोंधळली. मग म्हणाली, “ईद पुस्तकात नव्हती.”

शेजाऱ्यांचा सण आपल्या मुलीला इतका छान लिहिता येतो याचा आम्हाला आनंदच वाटला. कोकणात ताटे अशीच इकडून तिकडे जात आली आहेत. पण तिच्या उत्तराने आम्ही बराच वेळ अस्वस्थ होतो. ईद तिच्या घरात होती, पुस्तकात नव्हती, म्हणून ती लिहिण्याजोगी नाही, असा अर्थ चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच काढला होता. तिला तसे कोणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याची गरजही पडली नव्हती.

पेणचे कपाट

त्या दिवशी आम्ही सकाळी पेणला होतो आणि दुपारी रोह्याला. बारा ते अठरा वर्षांची आपली मुले काय वाचतात, हे पाहण्यासाठी निघालो होतो. पेणला एका वाचनालयात ग्रंथपालांनी मुलांचे कपाट उघडून दिले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, साने गुरुजींची ‘श्यामची आई’, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. आपल्यापैकी कितीतरी जण यावरच वाढले. श्यामच्या आईसाठी रडताना ती कोणत्या धर्माची, हे कधी मनात आले नाही. येऊही नये.

मग आम्ही विचारले, “मुसलमान मुलगा किंवा मुलगी नायक आहे असे काही?” ग्रंथपालांनी थोडा विचार केला आणि मोठ्यांच्या विभागातून ‘अरेबियन नाइट्स’चा एक जाड खंड आणून टेबलावर ठेवला.

त्यांचे काही चुकले नव्हते. मराठी वाचक अरबी जगात शिरला तो याच दारातून. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. पुढे गौरी देशपांडे यांनी ‘अरेबियन नाइट्स’चे तब्बल १६ खंड मराठीत केले. मेहनत मोठीच. पण त्यातला खलिफा, जिन आणि उडता गालिचा पेणच्या सलीमला जितका दूरचा, तितकाच पेणच्या सुनीलला. त्यात सलीमला आपले घर सापडत नाही.

मराठीत मुसलमानांनी लिहिले नाही असे मुळीच नाही. हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’मध्ये कोकणातले मुस्लिम घर आहे. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, ते गाव खरे आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि कविता, कथा, आत्मकथने यांना बळ मिळाले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले. पण हे सारे मोठ्यांचे. पेणच्या त्या कपाटात चौदा वर्षांच्या वाचकासाठी यातले काही उतरलेले नव्हते.

आरसा आणि खिडकी

योगायोग असा की त्याच १९९० साली अमेरिकेत बालसाहित्याच्या अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी एक साधी गोष्ट मांडली. त्यांच्यासमोर कृष्णवर्णीय मुले होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मुलाला पुस्तकात कधी दुसऱ्याचे जग दिसते, म्हणजे ते पुस्तक खिडकी असते. कधी स्वतःचे रूप दिसते, म्हणजे ते आरसा असते. ज्या मुलाला आरसा कधीच मिळत नाही, त्याला वाटू लागते की आपले काही मोलच नाही. आणि ज्याला नुसते आरसेच मिळतात, त्याला वाटते की जगात आपणच काय ते आहोत. दोन्ही वाईट.

आपल्या रोह्याच्या मुलीकडे खिडक्या भरपूर होत्या, आरसा एकही नव्हता. तिच्या शेजारच्या मुलीकडे उलट होते. झाकलेले ताट तिच्या घरातून येते आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा तिच्या घरी जातो. पण त्या डब्यामागच्या घरात महिनाभर काय चालते, हे तिलाही कोणत्या गोष्टीने सांगितलेले नाही.

बाहेरच्या जगात ही उणीव भरून काढण्याचे काम सुरू झाले आहे. या वयासाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘यंग अॅडल्ट’ म्हणतात. अमेरिकेत सायमन अँड शूस्टर या मोठ्या प्रकाशनाने २०१६ साली मुस्लिम मुलांच्या गोष्टींसाठी ‘सलाम रीड्स’ ही वेगळी शाखा काढली. संयुक्त अरब अमिरातीत २००९ पासून अरबी बालसाहित्याला मोठा पुरस्कार दिला जातो आणि त्यात किशोरवयीनांच्या पुस्तकांचा स्वतंत्र विभाग आहे.

रोह्याच्या ओटीवर

दुपारी पेणहून दिवा-रोहा गाडी पकडली आणि कासू, नागोठणे मागे टाकत रोह्याला उतरलो. त्या मुलीच्या घरी मोहल्ल्यातली सात-आठ मुले जमली होती. तिच्या अम्मीने सांदणे केली होती. मुलांच्या हाती द्यायला आमच्याकडे मराठी प्रती नव्हत्या, म्हणून आम्ही गोष्टी तोंडीच सांगितल्या.

पहिली गोष्ट तगरीद नज्जार यांच्या ‘सित्त अल-कुल’ या अरबी कादंबरीची. गाझामधल्या एका खऱ्या मच्छीमार मुलीच्या आयुष्यावरून ती सुचली. यातल्या युसराच्या अब्बांना समुद्रावर जाता येत नाही. घर चालायला हवे म्हणून ती स्वतः होडी घेऊन निघते. लोक नावे ठेवतात, मुलीने होडी चालवायची नसते म्हणतात, आणि वर समुद्रावर पहारा आहेच. खाडीकाठच्या एका मुलाने लगेच विचारले, “जाळं कुठलं टाकते? वाण असेल तेव्हा होडी कशी आवरते?” गाझा नकाशात कुठे आहे हे त्याला सांगावे लागले, होडी मात्र त्याला ओळखीची होती.

दुसरी लेबनॉनच्या फातिमा शरफुद्दीन यांची ‘फातेन’. फातेनला पंधराव्या वर्षी बैरूतमध्ये श्रीमंतांच्या घरी कामाला ठेवले जाते. पगार वडील घेऊन जातात. तिला नर्स व्हायचे आहे आणि ती लपूनछपून अभ्यास करते. गोष्ट संपल्यावर मुली काही बोलल्या नाहीत. त्यांच्यातली एक दहावीनंतर घरी बसली आहे, हे आम्हाला नंतर कळले.

तिसरी मलेशियाच्या हॅना अल्काफ यांची ‘द वेट ऑफ अवर स्काय’. १९६९ च्या क्वालालंपूरच्या दंगलीत सोळा वर्षांची मेलाती हरवलेल्या आईला शोधते आहे. तिला वाटते की आपल्या आत एक जिन आहे आणि आपण सतत मोजत राहिलो नाही तर तो आईला मारून टाकेल. प्रत्यक्षात तो एक मानसिक आजार आहे. सकाळी पेणच्या टेबलावर दिव्यातून निघणारा जिन पाहिला होता. हा जिन वेगळा. एक अम्मी हळूच म्हणाली, “असं पोरांना होतं. आपण ताईत बांधतो आणि गप्प बसतो.”

शेवटी हेना खान यांची ‘अमीनाज व्हॉइस’. अमेरिकेतली अमीना छान गाते, पण चारचौघांत तिचा आवाज फुटत नाही. तिची कोरियन मैत्रीण सूजिन आता अमेरिकेची नागरिक होणार आहे आणि लोकांना सोपे जावे म्हणून नाव बदलायच्या विचारात आहे. हे ऐकून आमच्या निबंधवाल्या मुलीने मान वर केली. तिचे नाव हजेरीत रोज चुकीचे वाचले जाते आणि ती रोज ‘हजर’ म्हणते.

दोन शब्द, एक गफलत

या चार गोष्टींत आणखी एक धडा आहे. अरब आणि मुसलमान हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते एक नाहीत. अरबांमध्ये ख्रिस्तीही आहेत, आणि जगातले बहुसंख्य मुसलमान अरब नाहीत. मेलाती मलय आहे, अमीनाचे घर पाकिस्तानी. दीन एक, पण जेवण, बोली, लग्नाची गाणी, आजीच्या म्हणी वेगळ्या. आपल्या मुलांना हे समजले, तर कोकणी बोलणारे, तांदळाची भाकरी खाणारे, मराठी शाळेत शिकणारे मुसलमान हे कमी प्रतीचे मुसलमान नाहीत, हेही आपोआप समजेल.

बिघडण्याची भीती

ओटीवर एक दादाही बसले होते. त्यांनी सरळ विचारले, “कादंबऱ्या वाचून पोरं बिघडत नाहीत का?” हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत आहे आणि तो टाळून चालणार नाही.

आम्ही त्यांना सूरह यूसुफची आठवण करून दिली. १११ आयतींची ही सूरह एका मुलाची गोष्ट सलग सांगते. भावांचा मत्सर, विहीर, घरापासून तुटणे, परक्या मुलखातले दिवस, मोह, तुरुंग आणि शेवटी माफी. कोवळ्या वयाला जे जे भेडसावते ते सारे त्यात आहे, आणि काही लपवलेले नाही. गोष्ट सांगणे ही आपल्याकडे खालच्या दर्जाची बाब कधीच नव्हती. दादा हसले. म्हणाले, “ते खरं, पण निवड पाहिजे.”

निवड पाहिजेच. आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. मुस्लिम मुलगी फक्त कोणीतरी सोडवायला यावे म्हणून पुस्तकात आहे, की तिला स्वतःची अक्कल आहे? अब्बा आणि मौलवी नुसते खलनायक आहेत, की माणसे आहेत? आणि पुस्तक उपदेश करते, की गोष्ट सांगते? पहिल्या दोन कसोट्या बाहेरच्या लेखकांना जड जातात, तिसरी आपल्याच लोकांना. ज्या गोष्टीतला मुलगा पहिल्या पानापासून नमुनेदार वागतो, ती गोष्ट मुले अर्ध्यावर टाकून देतात. डेबोरा एलिस यांच्या ‘ब्रेडविनर’मधली परवाना मराठीत आली आहे. काबूलमध्ये तालिबानच्या राज्यात ती मुलाचा वेश करून घर चालवते. लेखिका कॅनडाची आहे, बाहेरची आहे. ते पुस्तक या कसोट्यांवर घरी सगळ्यांनी मिळून वाचून पाहावे.

कुंडलिकेच्या मुखाशी

दुसऱ्याच्या गोष्टी सांगून झाल्यावर एका मुलाने विचारले, “चाचा, आपल्याकडची गोष्ट नाही का?”

आहे. रोह्याच्या पुलाखालून जाणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे चौल आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल-मसूदी तिथे आला होता. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले होते, आणि इथेच जन्मलेलेही होते. या इथल्या मुलांना ‘बयासिरा’ म्हणत. बाप समुद्रापलीकडचा, आई बहुधा इथली, आणि घरात दोन भाषा. अकराशे वर्षांपूर्वीच्या अशा एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट कोणी लिहील का?

आणि आजची गोष्ट तर त्याच्या उलटी आहे. आता आपले अब्बा समुद्रापलीकडे कुवेतला, दुबईला, सौदीला आहेत आणि मुले इकडे. त्यांना बाप माहीत आहे तो फोनच्या पडद्यावर, दोन वर्षांतून एकदा विमानतळावर आणि बॅगेतल्या अत्तराच्या वासात. कोकणातल्या हजारो घरांनी ही गोष्ट जगली आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मलेले विनोबा भावे यांनी कुराण मुळातून अभ्यासून त्याचे ‘सार’ काढले. आपल्या मातीत अरबी शब्द परका नाही, याला आणखी काय पुरावा हवा?

वाचकहो, म्हणून तीन विनंत्या. घरात कोणी इंग्रजी किंवा उर्दू वाचत असेल, तर त्याने ही पुस्तके मिळवून रात्री जेवणानंतर मराठीत सांगावीत. जवळच्या वाचनालयात जाऊन अशा पुस्तकांची लेखी मागणी नोंदवावी. मागणी नसेल तर ग्रंथपाल तरी काय करणार? आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी आपल्या घरातली गोष्ट लिहून आमच्याकडे पाठवावी. बोली कोकणी असली तरी चालेल. आम्ही ती दुरुस्त करून गुळगुळीत करणार नाही.

निघताना ती निबंधवाली मुलगी दारापर्यंत आली. ईदवर लिहायला बसणार होती. “गुण कमी मिळाले तर?” तिने विचारले. मिळतीलच असे आम्ही सांगू शकलो नाही. बाई चांगल्या आहेत, वाचतील, एवढेच म्हणालो.

मग तिने आणखी एक विचारले. “फितऱ्याला शुद्ध मराठी शब्द काय?”

आम्ही म्हणालो, “फितरा.”