भाड्याच्या घरात वॉशिंग मशीनला पाणी जोडताना

इंदूरच्या मराठी घरांत सकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "आज नर्मदा आली का?" नदीबद्दल नव्हे, नळाबद्दल. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांबून, घाट चढून येणारं हे पाणी बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड आणि थोडाच वेळ येतं. ते खालच्या हौदात साठतं, मोटर लावली की गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून घरभर खेळतं. नर्मदा कमी पडली की त्याच टाकीत बोरिंगचं पाणी मिसळतं. वॉशिंग मशीन विकणारा दुकानदार यातलं काहीच विचारत नाही. सहा किलोचं हवं की सात, एवढंच विचारतो.

आम्ही दोघांनी या शहरात चार भाड्याची घरं बदलली आणि चारही वेळा मशीनची जोडणी नव्याने करावी लागली. समाजाच्या कार्यक्रमांत नव्याने बदलून आलेली जोडपी भेटतात, तेव्हा घर, शाळा, पोळ्यावाल्या बाई यांच्यापाठोपाठ हा विषय निघतोच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो आहोत. यातला बराचसा भाग आम्ही चुकून शिकलो.

सर्वांत मोठी चूक आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या घरात आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो, खाली घरमालक काका-काकू. मशीन गॅलरीत, आणि पाणी तिथल्याच साध्या नळाला चार स्क्रूंचा प्लॅस्टिकचा कपलर लावून घेतलेलं. एका शनिवारी आम्ही लग्नाला देवासला गेलो. मशीन बंद होतं, बटणही बंद होतं, नळ मात्र उघडा राहिला होता. दुपारी कधीतरी कपलर तोटीवरून निसटला आणि गच्चीवरची टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत पाणी गॅलरीत पडत राहिलं. गॅलरीची जाळी कचऱ्याने तुंबलेली, त्यामुळे पाणी उंबरा ओलांडून खोलीत आलं आणि तिथून छतातून खाली झिरपलं. काकूंच्या शोकेसमध्ये त्यांच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम होता, जुन्या पद्धतीचा, निगेटिव्ह कधीच हरवलेल्या. त्याची अर्धी पानं एकमेकांना चिकटली. रंगकामाचे पैसे आम्ही दिले, काकांनी ते घेतलेही. अल्बमबद्दल काकू एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच आम्हाला जास्त लागलं.

तर तो कपलर. बऱ्याच मशीनच्या खोक्यात तो येतो. साध्या नळाच्या तोंडावर बसवायचा, चार बाजूंचे चार स्क्रू आवळायचे, मग खालची कॉलर फिरवून आतलं रबर दाबायचं. तात्पुरत्या कामाला तो ठीक आहे, पण त्याची पकड फक्त चार स्क्रूंच्या टोकांवर असते. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की रबर तिरकं बसतं. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायला हवेत. शिवाय मशीन पाणी घेणं थांबवतं तेव्हा आतला व्हॉल्व्ह एकदम बंद होतो आणि पाइपाला धक्का बसतो. कान देऊन ऐकलंत तर 'ठक्' असा आवाज येतो. एका धुण्यात असे कितीतरी धक्के बसतात, आणि महिन्याभरात स्क्रू सैलावतात. आमच्या मते हा कपलर पहिल्या आठवड्यापुरता वापरावा.

कायमचा उपाय स्वस्त आहे. साधा नळ काढून त्या जागी वॉशिंग मशीनचा नळ लावायचा. त्याच्या तोंडाला बाहेरून आटे असतात. भिंतीकडची बाजू अर्ध्या इंचाची आणि पुढची पाऊण इंचाची, कारण मशीनच्या पाइपाचा नट पाऊण इंचाचा असतो. दुकानात एवढं सांगितलं तरी पुरतं. बादलीसाठीही नळ हवा असेल तर टू-वे कॉक मिळतो, एका तोंडाला मशीन, दुसऱ्याला बादली, दोन्हींना स्वतंत्र चाव्या. भाड्याच्या घरात गॅलरीत एकच नळ असतो आणि तोच भांडी घासणाऱ्या ताईंना लागतो, तिथे टू-वेच घ्या. नाहीतर रोज पाइप काढा-घाला होते आणि आटे झिजतात.

नळ बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, पण जुन्या घरात ते स्वतः करू नये. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत भिंतीतले पाइप लोखंडी असू शकतात. वर्षानुवर्षं बसलेला नळ गंजून पाइपाशी एकजीव झालेला असतो. पान्याने जोर लावला की नळ निघत नाही, भिंतीच्या आतला आटाच तुटतो. मग टाइल फोडा, प्लॅस्टर करा आणि घरमालकांना तोंड द्या. नळाच्या बुडाशी तांबूस पापुद्रा दिसत असेल तर सरळ प्लंबर बोलवा, आणि काम सुरू करण्याआधी गच्चीवरचा टाकीचा कॉक खरोखर बंद होतो का ते त्याच्यासमोरच पाहा. पुष्कळ घरांत तो वर्षानुवर्षं फिरवलेलाच नसतो.

जोड दोन प्रकारचे असतात आणि पाणी अडवण्याची त्यांची रीत वेगळी असते, हे कळलं की निम्मी गळती टळते. नळ भिंतीत बसतो तिथे पाणी आट्यांमध्ये अडतं, म्हणून तिथे टेफ्लॉन टेप लागते. नळ ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. उलटे गुंडाळले तर आवळताना टेप उलगडून गोळा होते. मशीनच्या पाइपाच्या नटाला मात्र टेपची गरज नसते. तिथे पाणी आतला रबरी वायसर अडवतो. वायसर जागेवर आहे आणि चिरलेला नाही एवढं पाहायचं, नट हाताने घट्ट होईल तेवढा फिरवायचा आणि मग पकडीने अगदी थोडा, पाव फेरा. त्या नटाला टेप गुंडाळून, वर पान्याने जोर देऊन प्लॅस्टिकचा नट चिरल्याची दोन उदाहरणं आमच्या ओळखीत आहेत. थेंब गळत असेल तर आणखी आवळू नका, उघडून वायसर बदला.

आता दाब. नव्या भाडेकरूंची सर्वांत जास्त तक्रार इथली असते, आणि दोष मशीनला दिला जातो. फुल ऑटोमॅटिक मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब लिहिलेला असतो, बहुधा 0.3 बार किंवा त्याच्या आसपास. हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण एक बार दाब देतं. म्हणजे 0.3 बारसाठी टाकीतलं पाणी नळापेक्षा तीन मीटर तरी वर हवं. तळमजल्यावर ही अडचण येत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी थेट गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेली असेल, तर नळापासून टाकीच्या बुडापर्यंत जेमतेम दोन-अडीच मीटर भरतात. त्यातून पाइपाची वळणं आणि अर्धवट चोंदलेले कॉक. टाकी भरलेली असताना मशीन चालतं आणि टाकी उतरली की अडकतं, असं होत असेल तर कारण हेच.

अशा वेळी मशीन ठरावीक मिनिटं वाट पाहतं आणि थांबतं. एलजीच्या मशीनवर 'आयई' येतं, सॅमसंगच्या मशीनवर '4सी' किंवा '4ई'. दोन्हींचा अर्थ एकच, पाणी पुरेसं आत येत नाही. सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी बादली लावून पाहा. नळ पूर्ण उघडून एका मिनिटात आठ-दहा लीटर पाणी आलं तर सहसा दोष नळाचा नसतो. तीन-चार लीटरच आलं तर मेकॅनिक येऊनही काही करू शकणार नाही.

कमी दाबाचा आणखी एक परिणाम कमी लोकांना माहीत असतो. मशीनमधला व्हॉल्व्ह म्हणजे रबराचा एक पडदा. तो उघडतो विजेच्या इशाऱ्यावर, पण बंद होताना त्याला घट्ट दाबून धरतं ते मागून येणारं पाणी. मागचा दाबच कमी असेल तर पडदा नीट बसत नाही आणि बंद मशीनमध्येही पाणी थेंब थेंब साचत राहतं. सकाळी मशीन उघडल्यावर आत वाटीभर पाणी दिसलं तर हे लक्षात ठेवा. पडद्याखाली वाळूचा कण अडकला तरी असंच होतं.

उपाय तीन. टाकीखाली लोखंडी किंवा विटांचा स्टँड करून ती उंच करणं, जे फक्त घरमालकच करू शकतात. टाकीकडून येणाऱ्या पाइपावर छोटा प्रेशर पंप, ज्यासाठी पैसे, वीज आणि परवानगी तिन्ही लागतात. किंवा तिसरा, जो आम्ही पहिल्या घरात केला. सेमी-ऑटोमॅटिक मशीन. त्याला दाब लागत नाही, बारीक धारेनेही भरतं, वेळ पडल्यास बादलीनेही. वरच्या मजल्यावर वर्ष-दीड वर्षच राहायचं असेल तर त्यात काही कमीपणा नाही. काही टॉप लोड मशीन कमी दाबावर चालतात असं सांगून विकली जातात. तसं घेत असाल तर किमान दाबाचा आकडा पुस्तिकेत पाहून घ्या, बोर्डावरच्या जाहिरातीवर जाऊ नका.

नर्मदेच्या थेट लाइनला जोर असतो म्हणून मशीन तिथेच जोडावं, असं काही प्लंबर सुचवतात. ऐकू नका. ते पाणी एक दिवसाआड येतं, आणि धुणं मध्येच असताना गेलं तर मशीन साबणाच्या पाण्यातले कपडे घेऊन बसून राहतं. पाणी येताना आधी पाइपातली हवा आणि गाळ येतो, तो वेगळाच. त्या लाइनवर थेट मोटर लावणं तर नियमातही बसत नाही.

बोरिंगच्या पाण्याचं दुखणं वेगळं. ते जड असतं, साबण फुटत नाही आणि नळांच्या तोंडावर पांढरा थर बसतो. तोच थर मशीनच्या आतही बसतो. पाइप मशीनला जिथे जोडतो, तिथे आत एक बारीक जाळी असते. दर दोन-तीन महिन्यांनी नळ बंद करून पाइप सोडवा, जाळी पकडीने हलकेच ओढून काढा, जुन्या टूथब्रशने घासा, थर फारच असेल तर लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. पुष्कळदा 'पाणी येत नाही' ही तक्रार एवढ्यानेच मिटते. टाकी धुतल्यावर किंवा रस्त्यात पाइपाची दुरुस्ती झाल्यावर पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, मशीनला ते लावू नका. जमत असेल तर कपडे नर्मदेच्या दिवशी धुवा. साबणही कमी लागतो.

मशीनला गरम आणि थंड अशी दोन तोंडं असतील आणि घरात एकच नळ असेल, तर काय करायचं ते पुस्तिकेतच सापडतं. गीझरची लाइन ओढण्याच्या फंदात पडू नका. पाण्याचा निचरा आणि 16 अँपियरचा अर्थिंग असलेला प्लग हे विषय वेगळे आहेत, पण घर पाहायला जाल तेव्हा नळ, मोरी आणि प्लग ही तिन्ही एकमेकांच्या हाताशी आहेत का ते पाहून घ्या. नळ दूर असेल तर एकच लांब पाइप घ्या. दोन पाइप मध्ये जोडून लांबवले की गळायला आणखी एक जागा तयार होते, आणि ती नेमकी कपाटामागे असते.

घरमालकांशी बोलणं जोडणीच्या आधी व्हावं. आमच्याकडे 11 महिन्यांच्या करारात मशीनचा उल्लेख सहसा नसतो. त्यामुळे नळ बदलतोय, खर्च आमचा, जुना नळ जपून ठेवतो आणि जाताना परत लावतो, एवढं तोंडी सांगून वर मोबाइलवर लिहूनही पाठवावं. काम सुरू होण्याआधी भिंतीचा, नळाचा आणि खालच्या लादीचा फोटो काढून ठेवावा. डिपॉझिटच्या वेळी तो उपयोगी पडतो. भिंतीला भोक पाडावं लागेल अशी कोणतीही जोडणी भाड्याच्या घरात करू नये, मालक 'हो' म्हणाले तरीही. वर्षभराने ते 'हो' त्यांना आठवेलच असं नाही.

आता आमच्या घरात धुणं संपलं की मशीनच्या बटणाआधी नळ बंद होतो. पाइपाला कुठे फुगवटा किंवा चीर दिसते का, ते दिवाळीच्या सफाईत पाहतो आणि पाच वर्षं झाली की चांगला दिसला तरी बदलतो. गॅलरीची जाळी दर रविवारी साफ होते, हे काम धाकट्याकडे आहे.

घर सोडताना नळ बंद करून पाइपातलं पाणी बादलीत काढा, जुना नळ नवी टेप लावून परत बसवा आणि रात्रभर खाली कोरडा कागद ठेवून थेंब पडतो का ते पाहा. फ्रंट लोड मशीन असेल तर आणताना मागून काढलेले वाहतुकीचे बोल्ट परत लावल्याशिवाय ते टेम्पोत चढवू नका. आम्ही ते बोल्ट, चारही वायसर आणि मालकांचा जुना नळ एका पिशवीत घालून मशीनच्या मागे लटकवून ठेवतो, कारण माळ्यावर ठेवलेली वस्तू घर बदलायच्या दिवशी कधीच सापडत नाही.