सामाईक भांडार : शाळेच्या आठवणी एका ठिकाणी जपण्याची रीत

विनयपिटकात संघाच्या मालमत्तेचा विचार मोठ्या बारकाईने केलेला आढळतो. विहार, शय्या, आसने ही कोणा एका भिक्खूची नसत. ती आलेल्या आणि पुढे येणाऱ्या समस्त संघाची मानली जात. कोठाराची राखण करण्यासाठी मात्र भांडागारिक नेमला जाई. वापर सर्वांचा, जबाबदारी निश्चित व्यक्तीची, हे त्या व्यवस्थेचे मर्म होय.

आज आपल्या निवासी शाळेची छायाचित्रे, स्नेहसंमेलनांची चित्रफीत, धम्मदेसनांची ध्वनिमुद्रणे कोणाच्या मोबाइलमध्ये, तर कोणाच्या पेनड्राइव्हमध्ये विखुरलेली आहेत. मोबाइल बिघडला की एका तुकडीची आठवण कायमची पुसली जाते. ज्या समाजाच्या वाटचालीची नोंद इतरांनी फारशी ठेवली नाही, त्याला हे नुकसान परवडणारे नाही. यावर एक अल्पखर्चिक उपाय आहे : जुन्या संगणकावर लिनक्स बसवून सर्वांसाठी एक सामाईक फोल्डर उघडणे. वसतिगृहात, विहारात किंवा घरीही हे करता येते.

त्यासाठी डेबियनसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली आणि ‘सांबा’ ही आज्ञावली पुरेशी आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी गेल्या शतकाच्या नव्वदीच्या दशकारंभी सांबाचा पाया घातला. विंडोज संगणक ज्या ‘एसएमबी’ भाषेत एकमेकांशी फाइलींची देवाणघेवाण करतात, तीच भाषा सांबा लिनक्सला बोलावयास लावते. प्रथम राउटरमध्ये या संगणकाचा पत्ता कायम करून घ्यावा, म्हणजे तो रोज बदलणार नाही. मग फोल्डर तयार करून सांबाच्या संरचना-फाइलीत त्याचे नाव व मार्ग लिहावा.

येथे अनेकांची गफलत होते. या फोल्डरला एक नव्हे, दोन कुलपे असतात. पहिले सांबाचे, दुसरे खुद्द लिनक्सचे. सांबाने लिहिण्याची मुभा दिली, पण लिनक्समध्ये फोल्डरची मालकी दुसऱ्याकडे असली, तर ‘परवानगी नाही’ असाच संदेश येतो. म्हणून फोल्डर सांभाळणाऱ्यांचा एक गट करावा, फोल्डर त्या गटाच्या नावे करावा आणि आत येणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची राहील अशी खूण त्यावर लावावी. सांबामध्ये ‘क्रिएट मास्क’ ०६६४ व ‘डिरेक्टरी मास्क’ २७७५ ठेवल्यास एकाने ठेवलेली फाइल गटातील दुसऱ्यालाही सुधारता येते. ‘रीड ओन्ली’ चालू ठेवून ‘राइट लिस्ट’मध्ये केवळ हा गट नमूद करावा, इतरांना पाहता येईल, पण चुकून काही पुसता येणार नाही. सांबा आपले संकेतशब्द स्वतंत्र ठेवते, म्हणून प्रत्येकाचा संकेतशब्द तेथे वेगळा नोंदवावा लागतो. शेवटी ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा चालवून लिहिण्यातील चुका तपासाव्यात आणि सेवा पुन्हा सुरू करावी.

तीन पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. राउटरवरून ४४५ क्रमांकाचे द्वार इंटरनेटला कधीही उघडू नये आणि एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती बंदच ठेवावी; २०१७ साली जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ त्याच वाटेने शिरला होता. विद्यार्थ्यांची दाखले, गुणपत्रके यांसारखी खाजगी कागदपत्रे या फोल्डरात नकोत. त्यांसाठी वेगळा फोल्डर करून ‘व्हॅलिड यूजर्स’मध्ये मोजक्याच व्यक्तींची नावे द्यावीत. आणि सामाईक फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

हे सारे उभारण्यास एक दुपार पुरते. ते टिकवण्यास माणूस लागतो. प्रत्येक तुकडीने आपल्यातील एकाला या कामाचा भांडागारिक नेमावे, छायाचित्रांवर वर्ष आणि नावे लिहून ती त्याच्याकडे सोपवावीत, अशी आमची सर्व माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे. पुढे येणाऱ्या मुलांचाही या आठवणींवर तितकाच हक्क आहे.