दुर्लक्षाच्या खुणा आणि कायद्याचा आधार

वृद्धांवरचा अत्याचार म्हटले की डोळ्यांसमोर मारहाण येते. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात मात्र मारहाणीपेक्षा दुर्लक्षच जास्त वेळा दिसते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आजी तापाने फणफणत येतात. त्यांना कुशीवर वळवले, की माकडहाडावर तळहाताएवढी खोल जखम सापडते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना ‘चार दिवस नुसते झोपून आहेत’ म्हणून आणतात आणि त्यांची जीभ लाकडासारखी कोरडी पडलेली असते. सोबत कधी मुलगा असतो, कधी ब्युरोतून ठेवलेली बाई, कधी वृद्धाश्रमाचा कर्मचारी. दोन दिवसांनी परगावाहून मुलगी येते आणि विचारते, “डॉक्टर, हे असं कसं झालं? आता मी कुणाकडे जाऊ?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाकडे आहे, दुसऱ्याचे कायद्याकडे. पण ही दोन उत्तरे एकमेकांना जोडलेली आहेत. आपल्याकडे कायदे आहेत, मात्र ते चालतात पुराव्यावर. दुर्लक्षाचा पुरावा शरीरावर असतो आणि तो फार दिवस टिकत नाही. उपचार सुरू झाले की जखम भरू लागते, सलाइन लागले की रक्ताचे अहवाल पूर्ववत होतात. म्हणून पहिल्या काही दिवसांत कागदावर काय उतरले, यावर पुढची कायदेशीर मदत बरीचशी अवलंबून असते.

प्रश्न थोड्या लोकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, साठीपुढच्या दर सहा व्यक्तींपैकी एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या मोठ्या सर्वेक्षणात सुमारे ५ टक्के ज्येष्ठांनी गेल्या वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले. यातला ‘सांगितले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याच्या हातून दोन घास पोटात जातात, त्याच्याविरुद्ध बोलायला सहसा कुणी धजावत नाही.

शरीर काय सांगते?

म्हातारपणी त्वचा पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, हाडे ठिसूळ असतात. त्यामुळे हाताच्या पुढच्या भागावर जांभळे डाग दिसले म्हणून लगेच कुणावर संशय घेऊ नये. नुसता धक्का लागूनही तसे डाग पडतात. पण दंडाच्या आतल्या बाजूला, मानेवर, कानामागे, पाठीवर मोठे वळ असतील, तर ते कसे उठले हे विचारलेच पाहिजे. दोन्ही मनगटांवर किंवा घोट्यांवर सारख्याच कडेदार खुणा असतील, तर रुग्णाला बांधून ठेवले जात असल्याची शक्यता असते.

शय्याव्रण, म्हणजे अंथरुणात पडून होणारी जखम, ही दुर्लक्षाची सर्वात ओळखीची खूण. अंगाखाली दबलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला त्या जागी लालसर चट्टा येतो आणि बोटाने दाबला तरी तो फिका पडत नाही. त्याच वेळी रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलली, कातडी कोरडी ठेवली, तर बहुतेकदा तो तिथेच थांबतो. अतिशय आजारी रुग्णाला चांगली सेवा मिळूनही अशी जखम होऊ शकते, हेही इथेच सांगायला हवे. मात्र स्नायूपर्यंत गेलेली, दुर्गंधी सुटलेली जखम सर्वप्रथम रुग्णालयातच कुणाच्या तरी नजरेस पडत असेल, तर तोवर त्या माणसाची पाठ बरेच दिवस कुणी पाहिलेली नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

इतर खुणा कमी दिसतात, पण तितक्याच बोलक्या असतात. दीर्घकाळ पुरेसे पाणी न मिळाल्यास रक्तातले सोडियम वाढते. उपाशी राहिल्याने वजन घटते. बीपी किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे महिनाभर तशीच पडून असतात. रुग्णाने त्रास देऊ नये म्हणून झोपेच्या गोळ्या जास्त दिल्या जातात. नखे वाढलेली, डायपर तासन् तास न बदललेला. यातली एकच गोष्ट आढळली तर ती योगायोगाने झालेली असू शकते. तीन-चार एकत्र आढळल्या, की डॉक्टरने आणि कुटुंबानेही थांबून विचार करावा.

पहिल्या आठवड्यात काय कराल?

पहिले काम, रुग्णाला दाखल करून घेताना डॉक्टरांना आपला संशय स्पष्ट सांगा. संशय रास्त वाटला तर डॉक्टर ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. त्यासाठी नातेवाइकांच्या संमतीची गरज नसते. दुखापत जुनी असली तरी नोंद होऊ शकते.

दुसरे, जखमेची जागा, लांबी-रुंदी, खोली आणि रंग केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. शेजारी मोजपट्टी धरून तारखेसह फोटो काढा, पण रुग्णाची लाज सांभाळून. दाखल होतानाचे वजन आणि पहिल्या रक्ततपासण्यांचे अहवाल जपून ठेवा, कारण सलाइन लागल्यानंतरचे अहवाल ही गोष्ट सांगणार नाहीत. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. मागणी लेखी करा.

तिसरे, रुग्णाशी एकांतात बोलले जाईल असे पाहा. मुलगा, सून किंवा मदतनीस खाटेशी उभे असताना “मी पडले” हेच उत्तर येते. सोबतच्या माणसांना औषधे आणायला पाठवून परिचारिकेने शांतपणे विचारले, तर वेगळे काही बाहेर येऊ शकते. रुग्ण जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहिले जावे.

चौथे, वृद्धाश्रम किंवा ब्युरोशी झालेला करार, पैसे भरल्याच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचे संदेश, औषधांची बिले, सगळे एका फाइलमध्ये लावा.

कोणते दार ठोठवावे?

दुर्लक्ष कुणी केले, यावर दार ठरते.

मुले किंवा वारस सांभाळत नसतील, तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्याखालचे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे असते. अर्ज स्वतः करता येतो, वकील लावावाच लागतो असे नाही. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात या सर्वांकडून चरितार्थ मागता येतो. अपत्य नसेल, तर ज्याला मालमत्ता मिळाली आहे किंवा मिळणार आहे अशा नातेवाइकाकडून मागता येतो. कायद्यातली कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपयांची आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. मधल्या काळासाठी अंतरिम रक्कमही मागता येते. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघू शकते आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. याच कायद्याचे कलम २४ ज्येष्ठांना सोडून देण्याबद्दल आहे. ज्याच्यावर देखभालीची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रुग्णालयात दाखल करून खोटा पत्ता आणि बंद मोबाइल नंबर देणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

पगारी मदतनीस किंवा वृद्धाश्रमाने हयगय केली असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ पाहा. आजारामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय झालेल्या माणसाची सेवा करण्याचा करार केला आणि ती जाणूनबुजून केली नाही, तर तो गुन्हा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हेच कलम होते, पण दंड होता अवघा २०० रुपये. १ जुलै २०२४ पासून तो ५,००० रुपयांपर्यंत आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलिसांत नोंद केल्यावर दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. हे कलम लागू व्हायचे तर करार दाखवता आला पाहिजे, तोंडी बोलण्यावर ते उभे करणे अवघड जाते. मारहाण, डांबून ठेवणे, दागिने-पैसे काढून घेणे हे अर्थातच वेगळे गुन्हे आहेत.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

घरातल्या वृद्ध स्त्रीला आणखी एक दार उघडे आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे, असा समज आहे. तो आईला आणि सासूलाही संरक्षण देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर, तक्रार पुरुषाविरुद्धच हवी ही अटही उरलेली नाही.

घर नावावर करण्यापूर्वी

वॉर्डातल्या अनेक कहाण्यांच्या मुळाशी एक बक्षीसपत्र असते. २००७ च्या कायद्याचे कलम २३ सांगते, की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवे. जानेवारी २०२५ मधल्या निकालात न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने वाचावा, असे म्हटले आणि गरज पडल्यास न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबा परत मिळवून देऊ शकते, हेही सांगितले. तरीही शहाणपण आधीच दाखवावे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यात सांभाळाची अट लिहून घ्या. अन्यथा मृत्युपत्र बरे, ते हयातीत कधीही बदलता येते.

मोफत सल्ला कुठे मिळेल?

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. मोफत कायदेशीर साहाय्यासाठी १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. जिवाला धोका असेल तर आधी ११२. अर्ज करणे जमत नसेल, तर रुग्णाने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ही तरतूद मोलाची आहे, कारण त्यांना अधिकारपत्र देता येईलच असे नाही. अशा वेळी प्रांतांना सविस्तर पत्र आणि सोबत डॉक्टरांचा अहवाल द्यावा.

त्यांना काय हवे आहे?

तक्रारीची घाई करण्याआधी एक गोष्ट विसरू नये. पुष्कळ आईवडिलांना मुलाला शिक्षा नको असते. त्यांना वेळेवर जेवण, औषध आणि आपल्या घरातला आपला कोपरा हवा असतो. त्यांचे भान शाबूत असेल, तर निर्णय त्यांचाच. २००७ च्या कायद्यात सुनावणीआधी समेटाचीही सोय आहे, ती यासाठीच. दुसऱ्या बाजूला, वर्षानुवर्षे एकटीने सासूचे सगळे करणारी सूनही थकते. तिथे गुन्हेगार शोधण्यापेक्षा भावंडांनी पाळ्या लावणे आणि मदतनिसाचा खर्च वाटून घेणे जास्त उपयोगाचे ठरते.

पण वेगळे राहणाऱ्या मुलामुलींनी एक सवय लावून घ्यावी. व्हिडिओ कॉलवर चेहराच दिसतो. महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष जावे, न कळवता जावे. गोळ्या मोजाव्यात, वजन करावे आणि आईची परवानगी घेऊन तिची पाठ, कंबर आणि टाचा पाहाव्यात. लाल चट्टा लाल असतानाच दिसला, तर प्रकरण बहुतेकदा प्रांतांच्या कचेरीपर्यंत जातच नाही.